लिहिलेली मिति आणि काढलेली तारीख

(१)

जुन्या कागदपत्रांचा संग्रह ज्यांच्या घरीं आहे, किंवा दुसऱ्याच्या घरचे रुमाल सोडून पाहण्याचा ज्यांस नाद आहे, त्यांपैकीं बहुतेकांनीं आतां आपल्या याद्या संगणकावर उतरविण्यास प्रारंभ केला आहे. ही गोष्ट इष्टच होय. कागदी यादीस वाळवी लागते, ती एकाच घरीं राहते, आणि तिचा क्रम एकदां ठरला म्हणजे पुन्हां बदलतां येत नाहीं. संगणकावरील तक्ता हवा तेव्हां कालक्रमानें व हवा तेव्हां गांवांच्या क्रमानें लावतां येतो. परंतु कालक्रमानें यादी लावावयाची म्हटलें कीं एक अडचण पुढें येते. एका कागदावर शालिवाहन शक असतो, दुसऱ्यावर सुहूर सन, तिसऱ्यावर फसली, चौथ्यावर राज्याभिषेक शक. आणि पोथीच्या शेवटीं विक्रम संवत्, किंवा शब्दांत गुंफलेला अंक. हीं सर्व मानें एका मापास आणल्यावांचून क्रम लागत नाहीं. सबब यादींत एक नवा रकाना घालून त्यांत गणितानें काढलेली इसवी तारीख भरावी लागते. हा रकाना कसा भरावा, व विशेषतः कसा भरूं नये, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. मलाहि तो तसाच वाटत होता. तो तसा नाहीं हें मला माझ्याच एका चुकीनें शिकविलें. म्हणून ती चूक प्रथम सांगतों.

(२)

कांहीं वर्षांपूर्वीं एका जुन्या देशमुखी घराण्याचा रुमाल पाहण्याचा योग आला. घराण्याचें नांव सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. सुमारें चारशें मोडी कागद होते. वाचन मीं केलें व तक्ता माझ्या नातीनें तयार केला. तारखांचें सूत्र अर्थात् मींच सांगितलें: शक असेल तर ७८ मिळवावे, सुहूर असेल तर ५९९, फसली असेल तर ५९०. तिनें विचारलें, "आजोबा, वर्षभर एकच आंकडा चालेल ना?" शाळेंत आयुष्य घालविलेल्या मनुष्यास शोभेल अशा आत्मविश्वासानें मीं "चालेल" म्हणून सांगितलें. डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों चारशें ओळी भरून निघाल्या.

त्या यादींत एक पत्र घराण्यांतील कर्त्या पुरुषाच्या निधनाचें होतें. त्यावर शके १६८२ चा कार्तिक मास होता, म्हणून तें इ. स. १७६० च्या नोव्हेंबरांत पडलें; तें बरोबरच होतें. दुसरी एक सनद त्याच्या मुलाच्या नांवें होती, व तींत बाप मयत झाल्याचा उल्लेख होता. तिच्यावर 'इहिदे सितैन मया व अलफ', म्हणजे सुहूर सन ११६१, व महिना रजब असा काळ होता. सूत्राप्रमाणें ११६१ अधिक ५९९ मिळून १७६० झाले. रजब महिना त्या सुमारास फेब्रुवारींत येत असे. म्हणून सनद फेब्रुवारी १७६० ची ठरली. बाप नोव्हेंबरांत वारला आणि त्याच्या मृत्यूचा उल्लेख करणारी सनद नऊ महिने आधींची! मीं शेऱ्याच्या रकान्यांत 'संशयित; बहुधा बनावट' असें लिहून मोकळा झालों.

खरी गोष्ट अशी कीं सुहूर सन मृगाच्या सूर्यापासून, म्हणजे त्या काळीं जूनच्या पहिल्या आठवड्यापासून, सुरू होतो. त्याचे जून ते डिसेंबर हे महिने ५९९ मिळवून येणाऱ्या सालांत पडतात, आणि १ जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतचे महिने ६०० मिळवून येणाऱ्या सालांत. सनद फेब्रुवारी १७६१ ची, म्हणजे निधनानंतर तीन महिन्यांची होती. तींत संशयास जागाच नव्हती. चुकलें होतें तें माझें सूत्र. हें मला उमगलें तें दुसऱ्या एका घरच्या याद्या तपासतांना, बऱ्याच महिन्यांनीं. तेव्हां त्या घरीं जाऊन सनद मागितली, तों ती रुमालांत नव्हती. वयस्क मालक ओशाळून म्हणाले, "गुरुजी, तुम्हीच बनावट म्हणून लिहिलं होतं, म्हणून बाजूला काढून ठेवली." माळ्यावर रद्दीच्या गठ्ठ्यांत ती सांपडली. आणखी एक पावसाळा गेला असता तर ती हातीं लागती ना.

(३)

मितीवरून तारीख काढण्याचें काम नवें नाहीं. शंकर बाळकृष्ण दीक्षित व रॉबर्ट सेवेल यांनीं इ. स. १८९६ मध्यें हिंदी पंचांगावरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास त्याच सालचा. पुढें १९२२ सालीं स्वामिकन्नू पिल्ले यांचें विस्तृत कालदर्शक मद्रासेस छापलें गेलें. आपल्याकडे मोडक व खरे यांच्या जंत्र्यांवर संशोधकांच्या पिढ्या पोसल्या. जंत्री उघडून बोट ठेवून तारीख काढणारा मनुष्य एका वेळीं एकच तारीख काढीत असे, आणि काढतांना मास, पक्ष, वार हीं सर्व त्याच्या डोळ्यांखालून जात. कोठें विसंगति असली तर बोट तेथें अडखळे. संगणकाचें बोट अडखळत नाहीं. त्यास एकदां सांगितलेलें सूत्र तो चारशें ओळींस सारख्याच निष्ठेनें लावतो; सूत्र खरें असेल तर चारशें ओळी खऱ्या, आणि खोटें असेल तर चारशेंहि त्याच सुबक अक्षरांत खोट्या. म्हणून जी शंका पूर्वीं तारीख काढतांना आपोआप येत असे, ती आतां रकाना घालण्यापूर्वीं मुद्दाम मनांत आणली पाहिजे.

(४)

प्रथम साधनाचा स्वभाव ओळखावा. एक्सेल नांवाच्या सर्वपरिचित तक्त्यांत तारीख ही वस्तुतः दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी १९०० हा दिवस पहिला, आणि तेथून पुढें एकेक. त्यापूर्वींची तारीख लिहिली तर ती तारीख म्हणून न राहतां नुसतीं अक्षरें म्हणून राहते; तिच्यावर बेरीज वजाबाकी चालत नाहीं. याच मोजणींत ६० वा दिवस २९ फेब्रुवारी १९०० असा धरला आहे. वास्तविक १९०० ला ४०० नें भाग जात नाहीं, म्हणून त्या सालीं असा दिवस झालाच नाहीं. पूर्वींच्या लोटस १-२-३ या तक्त्याशीं मेळ राहावा म्हणून तो तसाच ठेवला गेला. शिवकालीन व पेशवेकालीन कागद १९०० च्या फार अलीकडचे, म्हणजे आधींचे असल्यामुळें या मोजणीचा आपणांस थेट उपयोग नाहीं.

त्याच तक्त्यास जोडून येणारें पॉवर क्वेरी हें माहिती सिद्ध करण्याचें साधन इसवी सनाच्या पहिल्या वर्षापासूनच्या तारखा स्वीकारतें. येथें संग्राहकास हायसें वाटतें, आणि येथेंच दुसरा खळगा आहे. हें साधन आजची ग्रेगरी पद्धतच मागें मागें लावीत जातें. आपल्याकडे शिवकालाच्या ज्या तारखा रूढ आहेत त्या मात्र जुन्या, म्हणजे जूलियन पद्धतीच्या आहेत.

उदाहरणच घेऊं. कारीच्या जेधे देशमुखांकडील शकावली लोकमान्य टिळकांनीं मिळविली व ती १९१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार असा दिला आहे. याची रूढ इसवी तारीख १९ फेब्रुवारी १६३०. ही तारीख जशीच्या तशी पॉवर क्वेरीस देऊन वाराचा रकाना मागितला तर तें साधन मंगळवार सांगतें! साधनावर भार टाकणारा मनुष्य शकावलीचा वार चुकला असें लिहून मोकळा होईल. परंतु १९ फेब्रुवारी ही जुन्या पद्धतीची तारीख आहे. त्या शतकांत नव्या पद्धतीशीं तिचें अंतर १० दिवसांचें होतें. नव्या पद्धतीनें तोच दिवस १ मार्च १६३० होय, आणि १ मार्च १६३० चा वार शुक्रवारच येतो. जेध्यांचा कारकून बरोबर होता. प्रश्न विचारणाराच चुकला होता.

(५)

आतां वर्षांचे रकाने. येथें नुसत्या बेरजेनें काम होतें, पण प्रत्येक मानास दोन आंकडे लागतात आणि त्यांमधील सांधा कोठें आहे तें ठाऊक असावें लागतें.

शालिवाहन शकास चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ व १ जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे. वरील जन्मतिथि फाल्गुनांतील असल्यामुळें १५५१ अधिक ७९ मिळून १६३० होतात. ७८ मिळविल्यास एक वर्ष मागें जातें.

सुहूर सनाचे ५९९ व ६०० हे आंकडे वर आलेच आहेत. फसलीचे ५९० व ५९१. या दोहोंत नऊ वर्षांचें अंतर कां, तें समजून घेतल्यास आंकडे पाठ करावे लागत नाहींत. सुहूर सन हिजरी ७४५, म्हणजे इ. स. १३४४ च्या सुमारास, चांद्र मानापासून सुटून सौर झाला. दक्षिणेंतील फसली शाहजहानच्या कारकीर्दींत, हिजरी १०४६ म्हणजे इ. स. १६३६ मध्यें, तसाच सुटला. मधल्या २९२ सौर वर्षांत चांद्र वर्षें ३०१ झालीं. तेवढीं नऊ वर्षें फसली पुढें आहे.

राज्याभिषेक शकाचा आरंभ ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीस होतो. त्यावरून शालिवाहन शक काढावयाचा तर ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून फाल्गुनाखेर १५९५, आणि चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून ज्येष्ठ शुद्ध द्वादशीपर्यंत १५९६ मिळवावे.

सुहूर सनाचे कागद वाचतांना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या. पहिली वाचनाची: सीत म्हणजे सहा व सितैन म्हणजे साठ, सबा सात व सबैन सत्तर, तिसा नऊ व तिसैन नव्वद. मोडींत घाईनें लिहिलेला शेवटचा फराटा सुटला कीं सहाचे साठ किंवा साठाचे सहा होतात. म्हणून अरबी शब्द जसे लिहिले आहेत तसेच एका रकान्यांत उतरावे व अंक दुसऱ्या रकान्यांत मांडावा. दुसरी गोष्ट गणिताची: सुहूर वर्ष सौर, पण त्याच्या बरोबर येणारा महिना व चंद्र हिजरी, म्हणजे चांद्र मानाचा. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारें ११ दिवसांनीं लहान असल्यामुळें एकाच सुहूर वर्षांत कांहीं चांद्र तारखा दोनदां येतात, एकदां आरंभीं व एकदां शेवटीं. अशा तारखेस एकच उत्तर देणारें सूत्र खोटें समजावें. तेथें दोन्ही तारखा लिहून, वार दिला असल्यास वारावरून, नसल्यास मजकुरावरून निर्णय करावा.

(६)

वर्षाचा रकाना भरला म्हणजे त्याच्या शेजारीं संवत्सराचा रकाना घालावा. याचें गणित फार सोपें आहे. नर्मदेच्या दक्षिणेकडील रीतीप्रमाणें शकांत १२ मिळवून ६० नें भागावें. बाकी राहील तो प्रभवापासूनचा संवत्सराचा अनुक्रम, व बाकी शून्य उरल्यास क्षय संवत्सर. १५५१ अधिक १२ म्हणजे १५६३. ६० नें भागतां बाकी ३. तिसरा संवत्सर शुक्ल. शकावलींतहि शुक्लच आहे. १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावा आनंद, आणि राज्याभिषेक आनंद संवत्सरांतच झाला. नर्मदेच्या उत्तरेकडे संवत्सर बार्हस्पत्य मानानें मोजतात, तेथें हें सूत्र लावूं नये. तसेंच तिकडील पोथ्यांत मास पौर्णिमान्त असतो, म्हणून आपला फाल्गुन वद्य तो त्यांचा चैत्र वद्य. याचीहि नोंद असावी.

संवत्सराच्या रकान्याचा खरा उपयोग संस्कृत पोथ्यांच्या पुष्पिकांत होतो. तेथें वर्ष शब्दांकांनीं दिलेलें असतें व अंक उजवीकडून डावीकडे मांडावयाचे असतात. समजा, पुष्पिकेंत नेत्र, अंग, बाण व चंद्र असे शब्द आहेत. नेत्र दोन धरले तर शक १५६२ होतो. पण शिवाचे नेत्र तीन, म्हणून कोणी १५६३ हि धरील. पुष्पिकेंत विक्रम संवत्सर असेल तर १५६२ च बरोबर, कारण १५७४ ला ६० नें भागून बाकी १४ उरते व चौदावा विक्रम. वृष संवत्सर असेल तर १५६३. सागर शब्दाचीहि हीच गति. तो कोठें चार तर कोठें सात असतो. परमानंदाच्या शिवभारतांत, जें तंजावरीं सांपडलेल्या प्रतीवरून १९२७ सालीं छापलें गेलें, महाराजांचें जन्मवर्ष पृथ्वी, बाण, प्राण व चंद्र या अर्थाच्या शब्दांनीं दिलें आहे. १, ५, ५, १: हा अंक कोणत्याहि बाजूनें वाचला तरी तोच राहतो. सर्वच पुष्पिका वाचकावर इतकी कृपा करीत नाहींत.

(७)

वर्ष बेरजेनें मिळतें; दिवस मिळत नाहीं. तिथीची वृद्धि व क्षय आणि अधिक मास यांमुळें 'फाल्गुन वद्य ३' यावरून इंग्रजी तारीख काढणारें एखाद्या ओळीचें सूत्र असूं शकत नाहीं. त्यासाठीं जंत्रीच तक्त्याच्या रूपानें उतरून घेऊन आपल्या यादीस शक, मास, पक्ष व तिथि या चार रकान्यांवरून जोडावी लागते. पॉवर क्वेरींत अशी जोडणी करण्याची सोय आहे. ज्यास हें शक्य नसेल त्यानें सरासरीनें दिवस भरूं नये. वर्ष व महिना एवढेंच लिहून दिवसाची जागा मोकळी ठेवावी. मोकळी जागा पुढच्या संशोधकास फसवीत नाहीं.

जोडणी झाल्यावरहि एक सूक्ष्म भेद राहतो. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत, तर इंग्रजी तारीख मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत. राज्याभिषेकाची रूढ तारीख ६ जून १६७४ ही आहे. नव्या पद्धतीनें १६ जून. त्या तारखेचा वार शनिवार येतो. पण जेधे शकावली उघडून पाहावी तों तेथें ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार असें आहे. यंत्र येथें तांबडी खूण करील. परंतु शकावलीनें पुढें वेळहि दिली आहे: तीन घटका रात्र उरली असतां महाराज सिंहासनावर बसले. तीन घटका म्हणजे ७२ मिनिटें. सूर्योदय व्हावयाचा होता, म्हणून शकावलीच्या मतें वार शुक्रवार व तिथि द्वादशीच चालू होती. मध्यरात्र मात्र केव्हांच उलटली होती, म्हणून इंग्रजी गणनेनें शनिवार लागला होता. उजाडल्यावर आलेल्या त्रयोदशीपासून राज्याभिषेक शक मोजला गेला. येथें कागदहि खरा व गणितहि खरें. दोघांचे दिवस कोठें सुरू होतात एवढाच भेद. हा भेद ज्याच्या यादींत नोंदलेला नाहीं, तो या दोहोंपैकीं एकास खोटें ठरविल्यावांचून राहणार नाहीं.

परकीयांच्या कागदांतहि असाच भेद आहे. इंग्रजांनीं सप्टेंबर १७५२ पर्यंत जुनी पद्धत चालविली. त्या सालीं २ सप्टेंबरानंतर एकदम १४ सप्टेंबर आला. शिवाय त्यापूर्वीं त्यांचें कायद्याचें वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून सुरतेच्या वखारीच्या पत्रावर फेब्रुवारी १६७३ असेल तर तो आपला फेब्रुवारी १६७४ समजावा. उलट पोर्तुगालानें १५८२ सालींच नवी पद्धत घेतली. म्हणून शिवकालीन गोव्याचे पोर्तुगीज कागद नव्या पद्धतीचे आहेत. रायगडावरील ज्या दिवसास सुरतकर इंग्रज ६ जून म्हणेल, त्याच दिवसास गोवेकर पोर्तुगीज १६ जून म्हणेल. दोन्ही तारखा एकाच रकान्यांत पद्धत न सांगतां घातल्या तर एका प्रसंगाचे दोन प्रसंग होतात.

(८)

या सर्व भेदांतून वाट काढण्याचा उपाय आपल्या ज्योतिष्यांनीं फार पूर्वीं योजून ठेवला आहे, तो म्हणजे अहर्गण. एका ठराविक दिवसापासून गत झालेल्या दिवसांची नुसती संख्या. कलियुगाचा आरंभ इ. स. पूर्व ३१०२ च्या फेब्रुवारीच्या १८ तारखेस, शुक्रवारीं धरतात. तेथून १९ फेब्रुवारी १६३० (जुनी पद्धत) पर्यंत गत दिवस १७,२७,९९९ होतात. यास ७ नें भागतां बाकी शून्य, म्हणून वार शुक्रवार. ६ जून १६७४ (जुनी) चा अहर्गण १७,४४,१७७, बाकी १, शुक्रवारापुढें एक, शनिवार. पानिपतचा संग्राम शके १६८२, पौष शुद्ध ८, म्हणजे १४ जानेवारी १७६१ (नवी) चा, त्याचा अहर्गण १७,७५,८००, बाकी ५, बुधवार. अहर्गण हा साधा पूर्णांक असल्यामुळें त्यास १९०० ची अटक नाहीं, जुन्या नव्या पद्धतीचा वाद नाहीं, आणि दोन प्रसंगांतील अंतर काढण्यास नुसती वजाबाकी पुरते. जन्मापासून राज्याभिषेकापर्यंत १६,१७८ दिवस गेले, हें असेंच निघतें. यादी कालक्रमानें लावावयाची ती याच रकान्यावरून लावावी.

(९)

तेव्हां रकान्यांची मांडणी पुढीलप्रमाणें असावी असें माझें नम्र मत आहे. पहिला रकाना कागदावर जशी आहे तशी मिति, अक्षरशः, लेखकाच्या चुकांसह. त्यानंतर त्या मितीचे सुटे भाग: मान, वर्ष, मास, पक्ष, तिथि किंवा चंद्र, वार, संवत्सर, घटका. त्यानंतर गणितानें काढलेलें वर्ष, संवत्सर, अहर्गण, जुनी तारीख, नवी तारीख व वार. त्यानंतर कोणत्या जंत्रीवरून व कोणत्या सूत्रानें काढलें तें. आणि शेवटीं मेळ: कागदावरील वार व संवत्सर काढलेल्यांशीं जमतात कीं नाहीं. या शेवटच्या रकान्यांत 'चूक' हा शब्द कधींहि लिहूं नये. 'जमत नाहीं' एवढेंच लिहावें. कोण चुकलें, कागद कीं आपण, हें ठरविण्याचें काम मनुष्याचें आहे, आणि तें पुढचें आहे.

पॉवर क्वेरीच्या माथ्यावर दोन पाट्या शेजारीं शेजारीं आहेत, ट्रान्सफॉर्म व ॲड कॉलम. पहिलींतून रकाना जागच्या जागीं बदलतो. दुसरींतून मूळ रकाना तसाच राहून शेजारीं नवा उभा राहतो. संग्राहकानें मितीच्या बाबतींत नेहमीं दुसरीच उघडावी. केलेल्या प्रत्येक पायरीची नोंद तें साधन बाजूस ओळीनें दाखवीत असतें, व ओपनरिफाइन नांवाचें दुसरें साधनहि असाच पायऱ्यांचा इतिहास ठेवतें. ती नोंद पुसूं नये. पोथीची नक्कल करतांना मूळ पाठ न खोडतां आपला पाठभेद समासांत लिहिण्याची जी शिस्त आपल्या वडीलधाऱ्यांनीं लावून दिली, तीच ही शिस्त आहे.

(१०)

वर सांगितलेली सनद आतां पुन्हां रुमालांत आपल्या जागीं आहे. यादीची दुरुस्त प्रत मीं त्या घरीं नेऊन दिली. माझा जुना शेरा मात्र नातीस पुसूं दिला नाहीं. तो तसाच ठेवून त्यापुढें 'शंका निराधार. सूत्रांत १ जानेवारीचा सांधा धरला नव्हता' असें लिहविलें, म्हणजे पुढें कोणी जुनी प्रत पाहिली तरी त्यास कारण कळेल. त्याच सूत्रानें त्या यादींतील आणखी सत्तावीस कागद एकेक वर्ष मागें पडले होते; तेहि सुधारले.

ज्या संग्राहकांनीं आपल्या याद्या यापूर्वींच संगणकावर घातल्या आहेत, त्यांस एकच विनंति आहे. पौष, माघ व फाल्गुन या मासांचे आणि सुहूर व फसली सनांच्या उत्तरार्धांतील कागद तेवढे निवडून काढावे, व त्यांचीं वर्षें पुन्हां एकदां जंत्रीवरून ताडून पाहावीं. काम एका दुपारचें आहे. तसें करतांना एखाद्या कागदापुढें 'संशयित' असा शेरा आढळला, तर तो कागद आधीं माळ्यावरून खालीं आणावा व मग गणित करण्यास बसावें.